ताई, तुम्ही 'थांब' म्हणालात

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची निळी वही वेगळ्या टपालानं पाठवते आहे. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी मी जिथे उभी होते तिथे आजही कुणी ना कुणी उभं असेल: खिडकीच्या चौकटीतलं भोक मातीनं बुजलेलं, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि ही घाण कधी एकदा काढून टाकते असं झालेलं.

तेव्हा आपली ओळख जिन्यात नमस्कार करण्यापुरतीच होती. तुम्हाला किड्यांमधलं कळतं एवढं ऐकून होते, म्हणून फोटो पाठवला आणि कुठलं औषध मारू ते विचारलं. तुमचं उत्तर आलं, "थांब. आधी बघ." अर्ध्या तासात तुम्ही स्वतः वर आलात, भिंग आणि घडीची खुर्ची घेऊन. त्या एका 'थांब'बद्दल आभार मानायचे आहेत, आणि मग पुढच्या सगळ्याबद्दल.

भोकात माती भरणाऱ्या त्या माशीला मी कुंभारीण समजत होते. तुम्ही सांगितलंत की कुंभारीण गांधीलमाशीच्या गोतातली. ती पिल्लांसाठी कोळी नाहीतर अळ्या डंखानं लुळ्या करून मातीच्या घरात भरते. ही मात्र मधमाशी. गवंडी माशी. हिला राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. राखायला मधाचा साठा नाही, त्यामुळे कुणावर तुटून पडायचंही कारण नाही. प्रत्येक मादी आपलं घर आपणच बांधते, आपणच भरते. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच एकेकट्या राहणाऱ्या आहेत, हे ऐकून मी चकित झाले होते. तोपर्यंत मधमाशी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पोळंच यायचं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही तो लाकडी ठोकळा आणून दिलात. त्यात आठ मिलिमीटर रुंदीच्या, वीतभर लांबीच्या सरळ खाचा, वर काच, आणि आत अंधार राहावा म्हणून काचेवर फळी. तीन दिवसांत एका मादीनं त्यातली एक खाच धरली. मग एक अख्खा दिवस मी फळी किंचित सरकवून काचेला नाक लावून बसले.

ती आधी डोक्यानं आत शिरायची आणि मकरंद ओकायची. मग उलट्या पावली थेट दारापर्यंत मागे यायची, कारण आत वळायला जागा नव्हती. दारात गर्रकन वळायची आणि पाठमोरी पुन्हा आत जायची. हिचे परागकण पायांवर नसतात, पोटाखालच्या दाट केसांत कोरडेच अडकलेले असतात. ते ती मागच्या पायांनी झाडायची. दोन-तीन झटके, की पिवळी धूळ गोळ्यावर. की निघाली पुढच्या खेपेला. वीस खेपांपर्यंत मी मोजत होते. नंतर मोजणं सोडलं आणि नुसती बघत राहिले. उन्हं कलता कलता तिनं अंडं घातलं: पांढरंशुभ्र, जरा वाकलेलं, एक टोक परागाच्या गोळ्यात रोवलेलं. त्यानंतर क्षणाचीही उसंत नाही. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन आली, ती कडेनं दाबली, परत गेली, परत आली. शेवटी पडदीच्या मधोमध एक बारीकसं छिद्र उरलं होतं, तेही बुजलं. त्या अळीला आई पुन्हा दिसणार नव्हती. मला रडू आलं होतं, ताई. तुम्ही काही बोलला नाहीत, वहीत फक्त वेळ लिहिलीत.

आतल्या खोल्यांमध्ये मादीची अंडी, दाराकडच्या खोल्यांमध्ये नराची, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, आणि कुठलं कुठे घालायचं ते आईच्या हातात. मी विचारलं, हे कळलं कसं? तुम्ही एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच कीटक-अभ्यासक ज्याँ-आँरी फाब्र यांच्यापाशी आलात. वेगवेगळ्या जाडीच्या वेळूच्या नळ्या आणि काचनळ्या माश्यांना देऊन त्यांनी पाहिलं, की अरुंद जागा मिळाली तर आई तिथे नरच घालते.

पण मला सगळ्यात आवडली ती त्यांच्या सुरुवातीची गोष्ट. फाब्र तेव्हा विशीच्या आसपासचे, फ्रान्समधल्या कार्पांत्रासला शाळामास्तर. मुलांना मोकळ्या माळावर जमीन मोजायला शिकवायला न्यायचे. मुलं मधेच खाली वाकायची, गोटे उचलायची आणि गवताच्या काडीनं काहीतरी चोखायची. गोट्यांवर गवंडी माश्यांची मातीची घरं होती आणि पोरांना त्यातल्या मधाचा पत्ता आधीपासून होता. म्हणजे त्या माशीच्या बाबतीत मास्तरच विद्यार्थ्यांकडून शिकले. नंतर तिच्याबद्दल वाचता यावं म्हणून त्यांनी महिन्याचा पगार एका ग्रंथावर घातला.

आणि तो घरी परतण्याचा प्रयोग! पाठीवर खूण केलेल्या माश्या कोसभर लांब नेऊन सोडायच्या आणि कोण परत येतं ते पाहायचं. एकदा घरट्यांपाशी त्यांची मुलगी अग्लाए नजर ठेवून बसली होती. बाप घरी पोचायच्या आधीच माश्या पोचल्या होत्या, त्याही पोटाला पराग लावून. डार्विनलाही याची ओढ लागली. माश्या न्यायच्या वाटेवर पेटी गरगर फिरवा, त्यांची दिशा चुकते का बघा, असं त्यानं फाब्र यांना पत्रानं सुचवलं. फाब्र यांनी तसं केलं. कितीतरी माश्या तरीही घरी आल्या. पण हे सगळं सविस्तर छापून यायच्या आधीच, १८८२ साली डार्विन गेला. उत्क्रांतीवर या दोघांचं कधी पटलं नाही, तरी एका माशीपायी त्यांचा पत्रव्यवहार होता, हे सांगताना तुमचा आवाज मऊ झाला होता. माझ्या लक्षात आहे.

आता माझ्या चुकीबद्दल. गेल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात तुम्हाला न विचारता भिंतीवर माश्यांसाठी मोठं घर लावलं. प्लास्टिकच्या नळ्या, सगळ्या डिंकानं चिकटवलेल्या, एकही उघडून साफ करता येणार नाही अशी. आत दमट झालं, बुरशी आली आणि खोल्यांमध्ये बारीक कोळीकिड्यांची गर्दी झाली. पराग त्यांनीच फस्त केला होता. तुम्ही एका शब्दानं रागावला नाहीत. शरद ऋतूत माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपण एकेक नळी कापली. थंड पाण्याच्या भांड्यात सगळं ओतलं: चिखल आणि किडे तळाला गेले, चांगले कोष वर तरंगले. तपकिरी, चिवट, तुरीच्या दाण्याहून थोडे मोठे. एकवीस निघाले. तुम्ही ते टिपकागदावर वाळवलेत, छिद्रं पाडलेल्या डबीत भरलेत आणि म्हणालात, "आतल्या माश्या पूर्ण तयार आहेत. आता त्यांना फक्त थंडी हवी." पुढच्या वेळी कागदाच्या नळ्या घ्यायच्या आणि दर वर्षी बदलायच्या, हेही तेव्हाच शिकले.

हिवाळ्यात तुम्ही दूर राहायला गेलात. जाताना वही माझ्या हातात दिलीत: अकरा वर्षांच्या नोंदी, एकही वर्ष न चुकता. एका पानावर तुमच्या आईंचं आजारपण आहे, आणि त्याखाली त्याच दिवशी किती दारं लिंपली गेली त्याचा आकडा. ते पान मी बऱ्याचदा उघडलं.

फुलं यायला लागली तशी डबी बाहेर ठेवली. आधी नर आले, तोंडावर पांढऱ्या केसांचा झुपका असलेले, आणि आल्या आल्या डबीभोवतीच घिरट्या घालत माद्यांची वाट बघू लागले. पाचव्या दिवशी पहिली मादी कोष कुरतडून बाहेर पडली. एकवीसपैकी सतरा आल्या. उरलेले चार कोष मी उघडून बघितले नाहीत, अजून तसेच ठेवलेत. घाई करू नकोस असं तुम्ही म्हणाला असतात.

वहीची शेवटची चार पानं मी भरली आहेत, राग मानू नका. अक्षर वाईट आहे, वेळा मात्र बरोबर आहेत. शेवटची नोंद कालची:

"सकाळी ९.४०. ऊन, वारा नाही. खिडकीच्या चौकटीतलं जुनं भोक. मादी, तोंडात ओली माती. आत गेली."

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची