प्रोजेक्ट विकत घेण्यापेक्षा ओपन सोर्सला मान्यता द्या

महोदय,

‘ओपन सोर्समध्ये काम करा आणि आयटीत नोकरी मिळवा’ अशा क्लासच्या जाहिराती हल्ली पुण्यात जागोजागी दिसतात. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. मी इथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत उमेदवारांच्या मुलाखती घेते. या वाटेने नोकरी मिळते, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण ही वाट दाखवण्याचं काम क्लासवर सोडणं मला पटत नाही. ते विद्यापीठांनी करायला हवं.

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट बहुधा हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट असतो. पुष्कळदा तो ग्रुपने पैसे काढून विकत घेतलेला असतो. कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे असं विचारलं की मुलं गप्प होतात. त्यांना तरी काय बोलणार? ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील अहवाल) वेळेत बांधून झालं की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, निभावते, हे सीनियरांकडून त्यांच्यापर्यंत आलेलंच असतं.

मध्यंतरी लातूरकडच्या एका कॉलेजातली मुलगी मुलाखतीला आली. तिथे कॅम्पसला कंपन्या फारशा जात नाहीत. तिच्या अर्जात एकाच कामाची लिंक होती. कागदपत्रांत शब्द शोधून देणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ‘वाऱ्यावर’ हा शब्द कधी सापडायचा, कधी नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह घालून. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र निरनिराळे. नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी हा फरक जात नाही. तिने टिंबाचा ‘ऱ’ साधा करणारा आणि ते चिन्ह काढून टाकणारा कोड लिहिला, सोबत तो नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट जोडल्या. त्यावर मेंटेनरने, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने, विचारलं, हे चिन्ह सगळीकडूनच काढलं तर मल्याळम आणि सिंहलीचं काय? त्या लिप्यांत या चिन्हाने अक्षर बदलतं. तिने त्या लिप्यांविषयी वाचून काढलं, आपला बदल देवनागरी ‘र’पुरता ठेवला आणि पुन्हा पाठवला. मग तो मर्ज झाला, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतला गेला.

हा सगळा संवाद कुणालाही वाचता येतो. आपलं चुकतंय असं कुणी म्हटल्यावर ती कशी वागते, न समजलेलं विचारते की दडपून नेते, हे मला तासाभराच्या मुलाखतीतून कळलं नसतं. आम्ही तिला घेतलं. ती मराठी माध्यमातली. समोरासमोर इंग्रजी बोलताना अडखळते, पण रिव्ह्यूला, म्हणजे कोडवरच्या शेऱ्यांना, उत्तर लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, साधी चार वाक्यं पुरतात. आपल्या तालुक्यांतल्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

क्लासवाले शिकवतात ते याच्या नेमकं उलट. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020मध्ये टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्यावा अशा विनंत्या) पुरत होत्या, तेव्हा अर्थहीन शब्द घुसडलेल्या बदलांचा इतका पूर आला, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. 2024मध्ये एक्स्प्रेस या प्रसिद्ध ओपन सोर्स प्रकल्पाच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये नुसती आपापली नावं घालणाऱ्या पुल रिक्वेस्ट नवशिक्यांनी पाठवल्या, कारण व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं. फुकट राबणाऱ्या मेंटेनरांचा त्यात किती वेळ गेला असेल! अशी कामं अर्जात दिसली की आमचं मत उलट वाईटच होतं.

नवख्यांना ओपन सोर्समध्ये काम देणारं गूगल समर ऑफ कोड 2005पासून चालू आहे आणि 2022पासून ते विद्यार्थी नसलेल्यांनाही खुलं आहे. त्याच धर्तीचं आउटरीचीही आहे. दोन्हींत मानधन मिळतं, पण जागा थोड्या.

कंपन्यांनी मात्र याची सक्ती करू नये. कॉलेज सांभाळून घरचं काम किंवा नोकरी करणाऱ्या मुलांना रात्री जागून विनामोबदला कोड लिहा असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणूनच हे काम अभ्यासक्रमाच्या वेळेत, गुणांसह व्हायला हवं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आणि लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला माझी विनंती आहे: चालू असलेल्या ओपन सोर्स प्रकल्पातलं काम अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून सरसकट स्वीकारा. मर्ज होणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, तेव्हा गुण रिव्ह्यूतला संवाद आणि टेस्ट पाहून द्या. पुण्याचं सीओईपी आणि सांगलीचं वालचंद या अभियांत्रिकी संस्थांत विद्यार्थ्यांचे लिनक्स व मुक्त सॉफ्टवेअरचे गट आहेत. त्यांच्या सीनियर मुलांना नांदेड, धुळे, बार्शीच्या कॉलेजांत दोन-दोन दिवस पाठवा, प्रवासखर्च विद्यापीठाने द्यावा. पहिली पुल रिक्वेस्ट शेजारी बसून करून घेणारं कुणी असलं की पुढचं मुलं स्वतः करतात.

आपली,
एक सॉफ्टवेअर अभियंता, कोथरूड, पुणे