बाबा, घर लालबागलाच घेतलंय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर घराचा विषय निघाला की बाबा ‘बरं’ म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. घराच्या किल्ल्या मिळाल्या. लालबागलाच, एकविसावा मजला. ठाणे, पनवेल, सगळीकडे बघितलं होतं आणि स्वस्तही पडलं असतं. पण सुहासचं ऑफिस, ओवीची शाळा, आणि खरं सांगायचं तर केईएम हॉस्पिटल जवळ. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

बाबा, तुम्हाला हे टॉवर बघवत नाहीत, ठाऊक आहे मला. गेल्या खेपेला लालबागच्या पुलावर तुम्ही गाडीत मान खाली घालून बसलात. तुमचा परळ गिरण्यांच्या चिमण्यांचा. धूर बघून कुठली गिरणी चालू आहे ते सांगायचात, भोंग्यावरून पाळी ओळखायचात. १९८२च्या संपात अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात तुम्हीही. साचाखातं, ते मागांवरचं काम, सुटलं आणि वळकटी घेऊन साताऱ्याला आलात. मी लहान असताना राजाबाई टॉवर दाखवून म्हणाला होतात, “२८० फूट! एके काळी मुंबईत याच्याहून उंच काही नव्हतं.” आता लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभी आहे, २८० मीटरची. तुम्हाला तिच्याखालची गिरणी दिसते. मलाही दिसते, बाबा. म्हणून तर इथंच घ्यायचं ठरवलं. ओवीला मात्र हीच मुंबई. विमानांसाठी टॉवरच्या माथ्यावर लाल दिवे असतात ना, ते लागले की ती ओरडते, “आजोबांच्या किल्ल्यावरचा टीव्ही टॉवर!” कुठली गिरणी कुठं होती, हे तिला खिडकीतून बोट दाखवून तुम्हीच सांगायचंय. मला नाही तेवढं येत.

आई, इथं आभाळ दिसत नाही म्हणू नकोस. बाल्कनी पूर्वेला आहे, तुळशीला सकाळचं ऊन मिळेल. शिवडीची खाडी दिसते, हवा स्वच्छ असली की अटल सेतूसुद्धा. दोन लिफ्ट आहेत, वीज गेली तरी चालतात. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घेतलाय. गॅसचा ओटा तुझ्या उंचीचा केलाय. आणि जावयाच्या घरी कसं राहायचं, हे डोक्यातून काढ. घर दोघांच्या नावावर आहे, अर्धा हप्ता माझा.

साताऱ्याचं घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. मला अजून झोप लागली नाही की आपल्या गच्चीवरून दिसायचं ते डोळे मिटून आठवते: डावीकडं चार भिंतींचं स्मारक, मग अजिंक्यताऱ्याचा तट, पार उजवीकडं यवतेश्वरचा डोंगर. किल्ल्यावर ढग टेकला की तू हाका मारायचीस आणि आम्ही वाळवण गोळा करत धावायचो. ते कशाला सोडायचं? फक्त थंडीचे महिने इकडं काढा. शिमग्याला मी स्वतः सोडायला येईन.

रक्त पातळ करायची गोळी बाबांनी आपल्या मनानं बंद करायची नाही. आई, गोळ्यांचा डबा तू बघायचास, त्यांच्यावर सोडू नकोस. कंदी पेढे आणायचे नाहीत, ओवीनं मागितले तरी. पाटा-वरवंटाही नको, अगदीच करमणार नसेल तर आण, सुहास उचलेल. रविवारी तो गाडी घेऊन येतोय. बाबांची फाइल, जुने ईसीजी आणि दोघांची आधार कार्डं एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
माई