यशयाचा ‘दुःखी सेवक’ आणि येशू

महोदय,

नाताळच्या सुमारास बायबलच्या जुन्या करारातील, म्हणजे ज्यूंच्याही धर्मग्रंथातील, भविष्यवचनांवर लिहिले जाते, तेव्हा येशूच्या जन्मगावाचा, बेथलेहेमचा, उल्लेख करणारे मीखा संदेष्ट्याचे वचन हमखास पुढे येते. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचा खरा गाभा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 53व्या अध्यायात आहे, असे मला मनापासून वाटते. इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला, वधाला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा मूक राहणारा त्यातील ‘दुःखी सेवक’ म्हणजे येशूच, असे पहिल्या पिढीपासूनचे ख्रिस्ती मानत आले. गाझाच्या वाटेवर हाच उतारा वाचणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याने येशूचा संदेश सांगणाऱ्या फिलिपला विचारले होते, की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या 8व्या अध्यायात नोंदलेला हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

मृत समुद्राजवळील कुमरानच्या गुहेत 1947च्या सुमारास सापडलेली यशयाची गुंडाळी ख्रिस्तपूर्व काळातील असल्याने, हा मजकूर ख्रिस्त्यांनी मागाहून घातला, हा आक्षेप टिकत नाही. अर्थात, त्यातून ख्रिस्ती अर्थ सिद्ध होतो असेही नव्हे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांच्यासह अनेक ज्यू विद्वानांनी हा सेवक म्हणजे छळ सोसणारी इस्राएल प्रजा मानली आहे, आणि यशयाच्याच 49व्या अध्यायात ‘इस्राएल, तू माझा सेवक आहेस’ असे स्पष्ट म्हटलेले असल्याने त्या वाचनाला ग्रंथातच आधार आहे. आम्हा ख्रिस्त्यांचे वाचन येशूच्या पुनरुत्थानावरील विश्वासातून, मागे वळून पाहत घडले आहे. म्हणून ज्यूंना ‘स्वतःचाच ग्रंथ न कळलेले’ ठरवणारी भाषा आपल्या प्रवचनांतून कायमची जावी.

– एक ख्रिस्ती वाचक, वसई