अण्णा, रॅकच्या पाठीला तुम्ही टेकू दिलात

पलूस, जि. सांगली

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

परवा आमच्या यंत्राच्या पहिल्या पायाने 40 किलोचं वाळूचं पोतं उचललं, आणि सांध्याखाली अंथरलेला कागद कोरडा राहिला, तेलाचा थेंब नाही. घरात सांगायच्या आधी तुम्हाला फोन लावला. तुम्ही लेथवर होतात, ‘बरं झालं’ म्हणालात आणि ठेवलात. बोलायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, म्हणून चाकांऐवजी पायांवर चालणारं यंत्र करायचं, हे माझ्या मनाने घेतलं होतं. कुपवाडला तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा 1960 च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने केलेल्या चार पायांच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्राचा फोटो दाखवला. चारही पाय चालकालाच हातापायांनी हलवावे लागायचे, माणूस पार दमून जायचा, हे मी सांगत होतो. तुमचं लक्ष मात्र माझ्या पिशवीतल्या, पायासाठी केलेल्या सांध्याकडे होतं.

तो पात्याचा होता: गोल घरात शाफ्टला जोडलेलं पातं, त्याच्या एका बाजूला तेल सोडलं की शाफ्ट फिरतो. तीनदा बनवला, तीनदा गळला. तुम्ही पात्याच्या कोपऱ्यावर नख ठेवून म्हणालात, “गोल पिस्टनला गोल सील बसतं. ह्या कोपऱ्यात काय घालणार?” मग रॅक-पिनियनवर आलो: रॅक म्हणजे सरळ दातेरी दांडा, पिनियन म्हणजे त्याच्या दात्यांत बसून फिरणारं चाक. दोन टोकांना 40 मिलिमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) सिलिंडर, मध्ये रॅक, त्यावर 60 मिलिमीटर पिच व्यासाचं (दाते जुळतात तिथला व्यास) पिनियन. 70 बार दाबाला सुमारे 264 न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. साधा सिलिंडर तरफेला जोडला तर कोन बदलेल तसा जोर कमी-जास्त होतो. इथे पूर्ण फिरतीत तो सारखाच राहतो.

तरीही गळलंच. तेव्हा तुम्ही पिस्टन उजेडात धरलात. एकाच अंगाला चकचकीत रेघ उमटली होती, बाकी अंगावर ओरखडा नाही. “दाते रॅकला नुसते पुढं ढकलत नाहीत, लांबही लोटतात.” घरी येऊन हिशेब केला. 20 अंश कललेल्या दात्याला पूर्ण दाबावर हा आडवा रेटा सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो, आणि मी तो सगळा बिचाऱ्या सीलवर टाकला होता! पिनियनच्या बरोबर समोर, रॅकच्या पाठीला गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) पॅड तुम्ही स्वतः घासून बसवलात. होनिंगचे (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करण्याचे) पैसे घेतलेत, ते रास्तच होतं. पण त्या तीन संध्याकाळींचा हिशेब कुठे लिहू?

आणखी एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. पंप चालू असताना गळती कुठे आहे ते बघायला मी पाईपवर हात फिरवणार, तेवढ्यात तुम्ही मनगट धरलंत आणि हातात पुठ्ठा दिलात. बारीक भोकातून दाबाने सुटलेलं तेल कातडी फोडून आत शिरतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. माझी बोटं शाबूत आहेत ती तुमच्यामुळे.

दुसऱ्या पायाची रॅक कापून आणली आहे. पॅड या वेळी मी घासतोय. बोल्ट आवळण्याआधी त्यावरून एकदा तुमचं बोट फिरलं पाहिजे, म्हणून येत्या आठवड्यात सांधा घेऊन येतो.

आपला,
पलूसचा पोरगा