नवे माग आले, जॉबर कुठून आणायचे?

महोदय,

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात २५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ५ लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. केंद्राची २०२१ ची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन (पीएलआय) योजना मानवनिर्मित धाग्याचे कापड-कपडे व तांत्रिक वस्त्रांसाठी असल्याने सोलापूरच्या सुती टॉवेलला तिचा उपयोग नाही. त्यामुळे इथे भिस्त राज्यावरच. पण अनुदान आजवर यंत्राच्या किमतीवर मोजले गेले, ते यंत्र लावणाऱ्या माणसावर, म्हणजे माग जुळवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या जॉबरवर, नाही.

टॉवेलच्या मागाला दोन बीम (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ) असतात. पायाच्या कापडाचा ताणा घट्ट, पाइलचा, म्हणजे वरच्या लुपांचा, सैल. पहिले दोन पिक (आडवे धागे) विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे थांबतात, तिसऱ्याला फणी तिन्ही पिक पुढे सारते आणि पाइलचा धागा वर येऊन लूप बनतो. पाइल बीमचा ताण जरा वाढला की लूप आखूड, वजन कमी. ५०० जीएसएमची (चौरस मीटरमागे ५०० ग्रॅम) ऑर्डर ४७० ला उतरली की खरेदीदार पैसे कापतो. धोट्याच्या मागावर जॉबर हे वजन-स्प्रिंग बदलून जमवायचा. रॅपियर या नव्या, बिनधोट्याच्या मागावर ताण राखणारी सर्वो मोटर, सेन्सर आणि पडद्यावरचा एरर कोड वाचावा लागतो. नक्षीसाठी धागे उचलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डच्या मॉड्यूलमध्ये कापसाची धूळ अडकली तर हूक उचलत नाही आणि नक्षीत उभी रेघ पडते. एप्रिल-मेमध्ये शेडची आर्द्रता ६५ टक्क्यांखाली गेली की ताणा तुटतो. दोष मात्र सुताला! यंत्र कंपनीचा माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत माग उभा, बँकेचा हप्ता चालू.

शिकाऊ उमेदवार घेणे ३० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना सक्तीचे आहे, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. सोलापुरातले बहुतेक कारखाने छोटे. विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना कमाल १,५०० रुपये, वाटा केंद्र देते. पण चार मागांच्या शेडमध्ये शिकवणार कोण?

म्हणून राज्याने अनुदानाचा शेवटचा हप्ता दर आठ मागांमागे एक स्थानिक देखभाल तंत्रज्ञ नेमल्यावरच द्यावा. छोट्या कारखान्यांना एकत्र येऊन तो नेमण्याची मुभा असावी. आयटीआयमध्ये सहा महिने सर्वो, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि ताण-नियंत्रण, पुढे वर्षभर शेडमध्ये काम, असा अभ्यासक्रम हवा. त्यासाठी आयटीआयला एक टॉवेल रॅपियर द्यावा, तोही खोलून जोडायला, उद्घाटनानंतर कुलूप लावायला नव्हे.

– यंत्रमाग व्यवसायातील एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर