कुरामाची गर्दी आणि आपला सिंहस्थ

संपादक साहेब, नमस्कार.

मुलगी जपानला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा क्योतोजवळच्या कुरामा गावचा अग्नी उत्सव बघितला. दरवर्षी २२ ऑक्टोबरला असतो. ९४० साली तिथला देव राजवाड्यातून या डोंगरात आणला, तेव्हा लोक मशाली घेऊन वाटेवर उभे राहिले होते म्हणे, तेव्हापासूनचा हा उत्सव.

अंधार पडला की प्रत्येक दारापुढे लाकडं पेटवतात, आधी लहान पोरं हातात छोट्या मशाली घेऊन निघतात, मग तरणी पोरं, पाठ उघडी, पायात गवताच्या चपला आणि खांद्यावर ही एवढी जाडजूड मशाल, आणि सगळे मिळून "साइरेया, साइर्यो" ओरडत जातात. एक मशाल माझ्यापासून दोन हातांवरून गेली, तोंडाला झळ लागली, ठिणग्या त्या पोराच्या पाठीवर पडत होत्या पण त्याने मान वळवली नाही. देवाची पालखी पायऱ्यांवरून उतरते तेव्हा ती घसरू नये म्हणून मागून दोर धरतात त्या गावच्या बायका. ते बघून अंगावर काटा आला.

पण पत्र लिहायचं कारण गर्दी. गाव म्हणजे आपल्या पंचवटीतल्या गल्लीएवढा एकच रस्ता, दोन्हीकडे आग आणि माणसं हजारोंनी. पोलीस कुणालाच थांबू देत नव्हते, रस्ता एकाच दिशेने चालू, दोरी धरून गट पुढे सोडायचे, छोट्या ट्रेनसाठी तर खाली देमाचियानागी स्टेशनच्या बाहेरच रांग अडवलेली. पालखी मला चालता चालता जेमतेम दिसली, वाईट वाटलं, पण एकदाही छाती दबली नाही की कोणाचा हात सुटला नाही.

तिथे उभा असताना मला आपला सरदार चौक आठवत होता, २००३ च्या सिंहस्थात तिथे चेंगरून माणसं गेली. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाट, रस्ते, पूल यांच्या बातम्या रोज वाचतो, ते सगळं हवंच, पण रामकुंडाकडे उतरायचं कुठून, वर यायचं कुठून, गर्दी वाढली तर लोकांना लांबच कुठे थांबवणार, हे आम्हाला पर्वणीच्या दिवशी भोंग्यावरून नको, काही महिने आधी सांगा, आणि ठरलं की व्हीआयपी गाडीसाठी मोडू नका. पर्वणीला आमच्याकडे गावाहून पंधरा-वीस माणसं मुक्कामाला असतात, त्यात म्हाताऱ्या आत्या, मावश्या, सगळ्या मलाच विचारणार की बाबा रे, कुठून जायचं.

एक वाचक, पंचवटी, नाशिक