गुडघ्याचं निमित्त आता पुरे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा आपली जुनी मंडळी मिळून स्कीइंगला जाऊन आलो. दिवसभर तुझा विषय निघत होता. ‘ऑपरेशननंतर आता बर्फ नको रे,’ असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा मी गप्प राहिलो. आता राहवत नाही. तू धास्ती घेतली आहेस ती ऐन हिवाळ्यातल्या गर्दीची आणि टणक उतारांची. वसंतातला बर्फ निराळा असतो.

रात्र निरभ्र होती, त्यामुळे आदल्या दिवशी वितळलेला बर्फ पहाटेपर्यंत पुन्हा कडक गोठला होता. उन्हाने वरचा थर सैल होईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून कुणालाच घाई नव्हती. बुटांचे बक्कल सैल सोडून उन्हात गप्पा मारत बसलो. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं होत राहिलं की बर्फाचे चांदणीसारखे कण मोडून त्यांचे गोल दाणे होतात. हातमोजा काढून मूठभर उचलून पाहिला: जाड्या मिठासारखे ओलसर, सुटे दाणे, आणि खाली घट्ट थर. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल झाले की जोर लावावाच लागत नाही. स्की जराशी कडेवर कलवली की वळते. कानालाही कळतं बघ. आधी खरखर असते, मग ती कधीतरी थांबते.

पूर्वेकडचा उतार आधी तयार होतो, म्हणून सुरुवात तिथून. मग ऊन सरकेल तसे आम्ही पश्चिमेकडे सरकत गेलो. हंगाम संपत आलेला, लिफ्टला रांग नाही, अख्ख्या उतारावर आपलीच माणसं. पूर्वी खाली आधी कोण पोचतो यावर पैजा लागायच्या, आठवतं? आता पुढचा जो असेल तो आपणहून थांबतो आणि मागच्याची वाट बघतो. मला ते फार आवडलं.

आता तुझ्या गुडघ्याचं. बर्फ पाण्याने जड झाला की स्की अडकते, अंग पुढे जातं, पाय मागे राहतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. उन्हाने भिजलेल्या तीव्र उतारांवर हिमस्खलनाचंही भय वाढतं. म्हणून बूट रुतायला लागला की थांबायचं, हे आधीच ठरलं होतं. दुपार चढायच्या आत स्की काढल्या आणि ‘अजून एकदा’ असं कुणी म्हटलं नाही. उरलेला वेळ गप्पांना. तुला जमेल असाच हा दिवस आहे.

डॉक्टरांना विचार, मांड्यांचे व्यायाम सोडू नकोस. रुंद, सोपा उतार घेऊ, मी तुझ्या मागेच राहीन. सनस्क्रीन मात्र हनुवटीखालीही लावायचं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि दर १००० मीटर उंचीला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना काळजी वाटत असेल तर फोन त्यांच्याकडे दे, मी बोलतो. पुढच्या वसंतात तुला धरूनच बेत आखतोय, होकार लवकर कळव.

तुझाच,
जुना मित्र